रात्री दोनला सर्व्हर पडला तर उठणार कोण?

मागच्या अंकात मी विकेंद्रित इंटरनेटवर, म्हणजे तुम्ही सगळे ज्याला डीसेंट्रलाइज्ड नेट म्हणता त्यावर, जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, की मोठ्या कंपन्यांच्या हातातनं नेट सोडवायचे हे प्रयोग मला आवडतात पण त्यांची जाहिरातबाजी आवडत नाही. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी कौतुक केलंय, काहींनी झापलंय, एकाने तर चांगली तीन पानं भरून झापलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. इंटरनेट मुळातच कुणा एकाच्या मालकीचं नाही असं आम्ही मुलांना शिकवत होतो. मग आता ते पुन्हा विकेंद्रित करायचं म्हणजे काय करायचं? की आम्ही चुकीचं शिकवलं?

सर, तुम्ही बरोबरच शिकवलंत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रँड या संस्थेत पॉल बॅरन नावाचे इंजिनियर होते, त्यांनी मांडलं होतं की जाळ्याला मधोमध एक मोठी गाठ ठेवूच नका, निरोपाचे छोटे छोटे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा जो रस्ता चालू असेल त्या रस्त्याने जाऊ द्या, म्हणजे चार गाठी तुटल्या तरी निरोप पोचतो. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट हे इंटरनेटचं पूर्वज जाळं टीसीपी-आयपी या निरोपाचे तुकडे पोचवायच्या नियमांवर गेलं तेव्हापासून खालचा पाया तसाच आहे. ईमेलही तसंच, तुमचा पत्ता एका कंपनीचा आणि माझा दुसरीचा असला तरी पत्र जातं. १९९३ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सगळ्यांना फुकट खुलं करून टाकलं, कुणीही उठावं आणि साइट काढावी, परवानगी कुणाची घ्यायची नाही.

म्हणजे पाया मोकळाच आहे, गर्दी झालीये ती वरच्या मजल्यांवर. आपण बोलतो, फोटो टाकतो, शोधतो, विकतो ते सगळं चार-पाच कंपन्यांच्या दारातून, आणि ती दारं अधूनमधून बंद पडतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही मिळून जवळजवळ सहा तास गायब होते. कारण काय, तर देखभाल चालू असताना दिलेल्या एका कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली आणि ‘आमच्याकडे यायचा रस्ता इकडून’ ही पाटीच बाकीच्या नेटवरून निघून गेली. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉन इतर कंपन्यांना भाड्याने देतं त्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटर्समध्ये नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा गडबडली, तर ज्यांचा ॲमेझॉनशी काही संबंध असेल असं आपल्या ध्यानीमनी नव्हतं असली ॲप्स आडवी झाली, सिग्नल या मेसेजिंग ॲपसकट.

पण सर, एक गोष्ट मात्र मी विकेंद्रित नेटच्या उत्साही मंडळींपेक्षा वेगळी सांगीन. कंपन्यांनी एका रात्रीत येऊन नेट पळवून नेलं असं झालेलं नाहीये, आपणच आपल्या हाताने किल्ल्या दिल्यात. १९८० मध्ये युझनेट सुरू झालं होतं, विद्यापीठांमधली यंत्रं एकमेकांना चर्चेचे निरोप पुढे पाठवायची, मालक कोणी नाही, छान चाललं होतं. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात तिथल्या हजारो गटांमध्ये एकदम टाकली, आणि त्यांना थांबवणार कोण याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, कारण कोणी मालकच नव्हता ना. पुढे स्पॅमचा इतका चिखल झाला की लोक जिथे कुणीतरी झाडू मारतंय अशा ठिकाणी निघून गेले. झाडू मारणाऱ्याने नंतर भाडं काय घेतलं ते आपण बघतोच आहोत, पण झाडू हवा होता हे विसरून चालणार नाही.

प्रश्न: माझे दहा वर्षांचे लेख आणि फोटो एका साइटवर होते. साइट बंद झाली, नोटिशीचा मेल स्पॅममध्ये गेलेला, सगळं गेलं. विकेंद्रित असतं तर वाचलं असतं ना?

वाईट वाटलं वाचून. आणि तुम्ही एकट्या नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांनी हौसेने केलेली असंख्य पानं गेली, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर हलवताना वर्षानुवर्षं लोकांनी चढवलेली गाणी नाहीशी झाली.

पण ‘वाचलं असतं का’ याचं उत्तर हो म्हणून देता येत नाही. इथे आयपीएफएस नावाची एक पद्धत आहे, हिचं नाव तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. कल्पना फार सुंदर आहे. नेहमीच्या लिंकमध्ये वस्तू कुठल्या सर्व्हरवर ठेवलीये ते लिहिलेलं असतं, आयपीएफएसमध्ये वस्तू काय आहे त्यावरूनच तिचा पत्ता काढतात, फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी पत्ता बदलतो, त्यामुळे ती जगात कुठल्याही यंत्रावर असली तरी तीच आहे याची खात्री होते. आता मेख कुठेय, तर ती कुठल्या तरी यंत्रावर असली पाहिजे! कुणीच ती धरून ठेवली नाही तर पत्ता अगदी बरोबर आणि घर रिकामं. टॉरंट, म्हणजे लोकांच्या यंत्रांवरून एकमेकांकडून फाइल तुकड्यातुकड्याने घ्यायची पद्धत, वापरलेल्यांना हे पाठ असतं, फाइल ९७ टक्क्यांवर येऊन थांबते आणि उरलेले तीन टक्के देणारा माणूस आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर बंद करून झोपलेला असतो. लोकप्रिय गोष्टी टिकतात, तुमचे-माझे लेख धरून कोण बसणार? मग पैसे देऊन कुणाला तरी धरायला सांगायचं, आणि सांगतो कुणाला तर परत एका कंपनीला.

तेव्हा तुमच्यासाठी त्यातल्या त्यात खरा उपाय कंटाळवाणा आहे. घरातल्या डिस्कवर एक प्रत, घराबाहेर एक प्रत, आणि लेख तुमच्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे तुमच्या नावे नोंदवलेल्या साइटच्या पत्त्यावर, की साइटला जागा देणारा होस्टिंगवाला बदलला तरी पत्ता तोच राहतो. डोमेनही तसं पाहिलं तर भाड्याचंच असतं बरं का. क्वियर डॉट एएफ नावाचा मॅस्टोडॉनचा, म्हणजे ट्विटरसारख्या एका विकेंद्रित जाळ्याचा, सर्व्हर होता, शेवटचं एएफ म्हणजे अफगाणिस्तान, फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारने तो पत्ताच काढून घेतला. सर्व्हर ठणठणीत, पत्ता गेला. गमतीसाठी कुठल्या कुठल्या देशाच्या शेपट्या लावून डोमेन घेणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवा.

प्रश्न: ताई, मी २०२२ मध्ये ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर गेले. आधी सर्व्हर निवडा म्हणाले, तिथेच डोकं फिरलं. मग कोणी ओळखीचं दिसेना. चार आठवड्यांत परत आले. हे सगळं फक्त कॉम्प्युटरवाल्यांसाठी आहे का?

नव्याचे नऊ दिवस! ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी ट्विटर विकलं गेलं तेव्हा असे लोंढेच्या लोंढे तिकडे गेले आणि बरेचसे तुझ्यासारखेच परत आले. त्यात तुझी चूक काही नाही.

मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे. ती एक साइट नाही, हजारो छोट्या साइट एकमेकींशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या भाषेत बोलतात, ईमेलसारखं. तू एका सर्व्हरवर, मी दुसऱ्यावर, तरी एकमेकींना फॉलो करू शकतो. हे जेव्हा चालतं तेव्हा फार मस्त चालतं, जाहिरात नाही, तुला राग येईल असंच काहीतरी शोधून पुढ्यात टाकणारा अल्गोरिदम नाही. पण त्यामुळेच पहिल्या दिवशी पान रिकामं दिसतं, कारण तुझ्याविषयी कुणी काही गोळाच केलेलं नाहीये. कंपनीचं ॲप तुला तासाभरात ओळखतं ते तुझ्यावर पाळत ठेवून. दोन्ही एकदम मिळत नाही.

आता खोड सांगते. सर्व्हर आवडला नाही तर दुसरीकडे जाता येतं असं सगळे सांगतात ते अर्धं खरं आहे, तुझे फॉलोअर्स तुझ्याबरोबर येतात पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. आणि त्यासाठी जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो, कारण ‘ही बाई आता तिकडे राहते’ हे त्यानेच इतरांना सांगायचं असतं. ॲडमिनने, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याने, न सांगता प्लग काढला की संपलं. ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या ॲपच्या मंडळींनी, ते २०२४ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना खुलं झालं, हे ओळखून अकाउंटची ओळख आणि डेटा सर्व्हरपासून सोडवून घेतला, म्हणजे बिऱ्हाड पोस्टसकट हलवता यावं. कागदावर हे जास्त चांगलं आहे. पण तिथे प्रत्यक्षात बहुतेक सगळ्यांचा डेटा त्याच एका कंपनीच्या सर्व्हरवर बसलाय, कारण सोपं ते लोक करतात. दार उघडं आहे, पण अजून फारसं कुणी त्यातून बाहेर गेलेलं नाही, आणि एकदम सगळे निघाले तर ते किती जणांना पेलेल हे त्या दिवशीच कळेल.

मोठी कंपनी या मोकळ्या जाळ्यात आली तर काय, असंही तिघांनी विचारलंय, फेसबुकची मालक मेटा हिच्या थ्रेड्स या ट्विटरसारख्या ॲपबद्दल. गूगल टॉक या चॅटच्या ॲपची गोष्ट आठवा. २००५ मध्ये आलं, एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर, पुढच्या वर्षी बाकीच्या सर्व्हरवरच्या लोकांशीही बोलता यायला लागलं, सगळे खूश. २०१३ मध्ये गूगलने हँगआउट्स काढलं आणि ते दार ओढून घेतलं. छोट्या सर्व्हरवाल्यांचे निम्मे मित्र दाराच्या त्या बाजूला. कुणी गुन्हा केला नाही, नियम मोडला नाही, नुसतं दार लावलं. म्हणून काही सर्व्हरनी थ्रेड्सला आधीच ब्लॉक करून टाकलंय, मला ते जरा घाईचं वाटतं पण भीती खोटी नाही.

प्रश्न: कुणी मागे लागून घाणेरडे मेसेज पाठवले, माझा फोटो पसरवला, तर तिथे तक्रार कुणाकडे करायची? हेड ऑफिस तर नाहीच.

मला वाटतं आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि या विषयावरच्या झगमगीत भाषणांत तो कधी ऐकू येत नाही.

तक्रार तुमच्या सर्व्हरच्या ॲडमिनकडे. तो भला असेल तर कंपनीपेक्षा कितीतरी बरं, कारण तिथे खरा माणूस असतो, तुमचं म्हणणं वाचतो आणि तासाभरात त्या माणसाला, नाहीतर त्याचा अख्खा सर्व्हरच ब्लॉक करतो. २०१९ मध्ये गॅब हे द्वेषाच्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं नेटवर्क मॅस्टोडॉनचं सॉफ्टवेअर उचलून या जाळ्यात आलं, त्याला हाकलून देणारा मालक कुणीच नव्हता, पण बहुतेक सर्व्हरनी आपापलं दार लावलं आणि ते एकटं पडलं. हे मला आवडतं. पण ब्लॉक केलं म्हणजे तुम्हाला दिसणार नाही एवढंच, मजकूर तिकडे राहतोच. तुमचा फोटो पन्नास सर्व्हरवर कॉपी झाला तर पन्नास ॲडमिनना लिहायचं, आणि डिलीटचा निरोप पाळायचा की नाही हे त्या त्या सर्व्हरच्या हातात. ब्लॉकचेनवर, म्हणजे असंख्य यंत्रांवर सारखी ठेवलेली आणि मागची नोंद सहसा पुसता न येणारी वही असते तिच्यावर, किंवा टॉरंटमध्ये गेलं तर विसराच. ‘कुणी सेन्सॉर करू शकत नाही’ हे वाक्य ज्याच्यावर अन्याय होतो त्याने म्हटलं की वेगळं वाटतं आणि जिचा फोटो पसरलाय तिने ऐकलं की वेगळं.

आणि ॲडमिनच वाईट निघाला तर? मॅस्टोडॉनवरचे खासगी मेसेज एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येतात. विकेंद्रित म्हणजे प्रायव्हेट असं बरेच जण धरून चालतात, तसं अजिबात नाहीये. टॉरंटमध्ये तर तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या यंत्राचा नेटवरचा पत्ता, समोरच्या प्रत्येकाला दिसतो. गुप्त बोलायचं असेल तर सिग्नलसारखं काहीतरी वापरा, ते एकाच संस्थेच्या सर्व्हरवर चालतं तरीही. छळ गंभीर असेल तर स्क्रीनशॉट, लिंका, तारखा ठेवा आणि पोलिसांकडे जा, सर्व्हर कुठलाही असो.

प्रश्न: तुमचा लेख वाचला. तुम्हाला ब्लॉकचेन कळलेलीच नाही. वेब-थ्रीमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर उभ्या केलेल्या नेटमध्ये, विश्वासाची गरजच नाही, कोडच कायदा आहे. जुन्या विचाराच्या लोकांनी यावर लिहू नये. (पत्र मोठं आहे, इतकंच छापते.)

दादा, तीन पानं लिहिलीत त्याबद्दल आभार. बिटकॉइनने जे केलं ते खरंच मोठं आहे हे मला मान्य आहे, मागेही लिहिलं होतं. बँक नाही, एकमेकांची ओळख नाही, आणि तरी तोच पैसा दोनदा खर्चता येत नाही अशी वही सगळ्यांनी मिळून ठेवायची, हे २००९ च्या आधी कुणाला असं चालवून दाखवता आलं नव्हतं. अशा वह्या चालवायला वीज फार लागते हा नेहमीचा आक्षेप, पण इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून आपला वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी केला, तेव्हा तो आक्षेप मी सगळ्यांवर सरसकट घेत नाही.

पण कोडच कायदा? २०१६ च्या जूनमध्ये ‘द डाओ’ नावाच्या इथेरियमवरच्या सामाईक फंडातून कोडमधल्या एका फटीतून कुणीतरी ३६ लाखांच्या आसपास इथर (हे तिथलं चलन) काढून घेतले. कोडने परवानगी दिली होती, म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते कायदेशीर झालं. मग काय केलं? जुलैत लोकांनी बसून, भांडून, चेनच बदलून पैसे परत फिरवले, आणि ज्यांना हे पटलं नाही ते जुन्या चेनवर राहिले, तिलाच आज इथेरियम क्लासिक म्हणतात. मला विचाराल तर पैसे फिरवले ते योग्यच केलं. पण ते माणसांनी केलं हो, कोडने नाही.

मार्च २०२२ मध्ये रोनिन नावाच्या चेनवरून ६० कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल चोरीला गेला. तिथे व्यवहारांवर सही करणारे नऊ जण होते, पाच सह्या पुरेशा, आणि त्यातल्या चार किल्ल्या एकाच कंपनीकडे! चोराला गणित सोपं होतं. त्याच महिन्यात इन्फ्युरा या कंपनीने सेटिंग बदलताना चूक केली तर व्हेनेझुएलातल्या लोकांची वॉलेट्स, म्हणजे असल्या पैशांच्या किल्ल्या ठेवायची ॲप्स, चालेनात, कारण फोनवरचं वॉलेट स्वतः चेनशी बोलतच नाही, मधल्या कंपनीमार्फत बोलतं. स्वतःचा नोड, म्हणजे त्या वहीची प्रत ठेवणारं यंत्र, चालवा म्हणाल, किती जण चालवतात? तुम्ही चालवता का? पत्रात लिहिलं नाहीत म्हणून विचारते.

आणि पासवर्ड विसरलात तर हेल्पलाइन नाही. सात हजारांहून जास्त बिटकॉइनची किल्ली एका पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हमध्ये अडकून बसलेला एक प्रोग्रामर जगप्रसिद्ध आहे, दहा चुकांची मुभा, त्यातल्या आठ करून झाल्या. माणूस अडाणी नाही, त्याच क्षेत्रातला आहे. माझे वडील दर महिन्याला मेलचा पासवर्ड विसरतात, त्यांना मी वॉलेटच्या किल्लीचे बारा शब्द कागदावर लिहून आयुष्यभर जपा म्हणून सांगू?

प्रश्न: सरकारने नेट बंद केलं तरी हे चालतं ना?

नाही. तार तीच आहे. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने जवळजवळ अख्ख्या देशाचं नेट पाचेक दिवस बंद केलं होतं, तेव्हा वर चालणारं ॲप विकेंद्रित आहे की नाही याने काय फरक पडणार होता. ब्रायरसारखी ॲप्स ब्लूटूथवरून शेजारच्या फोनपर्यंत निरोप नेतात, पण ते हाकेच्या अंतराचं काम. एखादी साइट किंवा ॲप तेवढं बंद केलं असेल तर मात्र अनेक सर्व्हर असण्याचा फायदा होतो, एक बंद केला तर दुसरा.

प्रश्न: आम्ही वीसेक जण आहोत, आपला स्वतःचा सर्व्हर काढावा म्हणतोय. आपला हात जगन्नाथ. काही सल्ला?

काढा, पण आधी माझं ऐका. मीही काढला होता, तीसेक ओळखीच्या लोकांसाठी, दीड वर्ष चालवला. पहिले तीन महिने स्वर्ग. मग एका रात्री डिस्क भरली, कारण आपल्या लोकांनी टाकलेल्या फोटोंपेक्षा बाहेरून येणाऱ्या फोटोंच्या प्रती साठत जातात हे मला माहीत नव्हतं, आणि रात्री दोन वाजता मी ताप अंगात घेऊन फाइली उडवत बसलेले. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं की सकाळी स्लो का होतं. त्या दिवशी मला कंपन्यांविषयी पहिल्यांदा थोडी माया वाटली. पुढे दोन मेंबरांचं भांडण झालं, दोघंही माझे मित्र, दोघांनीही एकमेकांना काढ म्हणून मला सांगितलं. सॉफ्टवेअर अपडेट करणं त्यापेक्षा सोपं असतं.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव यायला सर्व्हरवाल्याला काही गोष्टी कबूल कराव्या लागतात, त्या यादीत जायचं नसलं तरी पाळा: रोज बॅकअप, तुमच्याशिवाय आणखी एकाकडे तरी अडीअडचणीला किल्ली, द्वेषाच्या मजकुरावर खरोखर लक्ष, आणि बंद करायचा झाला तर तीन महिने आधी सांगणं. यातलं किल्लीचं सगळ्यात आधी करा. एकट्याच्या हातातला विकेंद्रित सर्व्हर म्हणजे त्या वीस जणांसाठी छोटी हुकूमशाहीच असते, हुकूमशहा कितीही गोड असला तरी तो आजारी पडतो, नोकरी बदलतो, वैतागतो. खर्चाची वर्गणी पहिल्या महिन्यापासून घ्या, नंतर मागायला लाज वाटते. बॅकअप घेताय म्हणजे तो परत चढवून बघितलाय का, एकदा तरी बघा, माझा उघडलाच नव्हता.

ईमेलचा सर्व्हर मात्र हौसेने काढू नका. पद्धत पूर्ण मोकळी आहे, कुणी अडवत नाही, पण मोठ्या मेलवाल्यांना तुमचा नवा पत्ता संशयास्पद वाटतो आणि तुमची पत्रं मुकाट स्पॅममध्ये जातात. सह्या, शिक्के, सगळं नीट लावूनही जातात.

प्रश्न: एवढं सगळं सांगता, तुम्ही स्वतः काय वापरता?

लेख माझ्या डोमेनवर. गप्पा एका छोट्या सर्व्हरवर, जो दुसरी एक बाई चालवते आणि मी दर महिन्याला पैसे देते, न चुकता, कारण त्या बाईचं काय होतं ते मी भोगलंय. घरचा ग्रुप व्हॉट्सॲपवर, तिथे मी हरले. मेल अजून त्याच एका मोठ्या कंपनीकडे आहे. दोन वर्षांपूर्वी हलवायचं ठरवून कुठे कुठे पत्ता बदलावा लागेल त्याची यादी केली होती, बँक, विमा, वीजबिल असं करत करत ४३ ठिकाणं झाली. त्यातली सहा केलीत.